एका वाक्याचं मत

कारखान्यातून घरी आल्यावर योगीराज आधी कान धूत, पाय नंतर. मोरीत उभं राहून पंचाचं टोक ओलं करायचं, ते कानांच्या पाळ्यांमागून आणि आतल्या घड्यांतून सावकाश फिरवायचं, मग मान एका बाजूला कलती करून क्षणभर तसंच थांबायचं. दिवसभर आत साचलेलं काही आता गळून पडेल, अशा बेताने. मग पाय, मग तोंड, मग चहा. कपबशी खाली ठेवली की ते कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत बसत आणि एक अल्बम लावत. एकच, पण सबंध. एखादं गाणं आवडलं नाही म्हणून पुढे ढकलायचं नाही, आवडलं म्हणून मागे न्यायचं नाही. कॅसेट असेल तर बाजू पालटण्यापुरतं उठायचं.

त्यांच्या मुलीला, सुखदाला, लहानपणी वाटे की सगळ्यांचेच वडील संध्याकाळी कान धुतात. एकदा तिने विचारलं होतं, "अण्णा, कानाला काय लागलंय?"

"आवाज लागलाय. प्रेसचा," ते म्हणाले होते. "तो धुतल्याबिगर दुसरं काय ऐकू नये. खरकट्या ताटात वाढून घ्यायचं व्हय?"

योगीराज निपाणीकडचे. विशीत खाली कन्नड मुलखात, आनेकलला आले ते एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागले, आणि निवृत्त झाले तेही त्याच शेडमधून. पत्र्याची पट्टी आत सरकवायची, वरून प्रेस पडायचा, खाली कापलेला तुकडा निघायचा. दिवसभर तोच दणका. शेडमधली माणसं हातवाऱ्यांनी बोलत आणि घरी गेल्यावरही बराच वेळ ओरडून बोलत. योगीराज मात्र घरी फार हळू बोलायचे. त्यांच्या बायकोचं, शिवलीलाचं, म्हणणं असं, की ही सगळी हुशारी आहे, ऐकायला आपण जवळ जाऊन बसावं म्हणून.

एखाद्या रविवारी ते बस धरून शहरात चिकपेटच्या बाजारात जात. साड्यांच्या ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक माणूस जुन्या कॅसेटी विकायचा, पुढे सीड्या विकायला लागला. योगीराज भाषा बघत नसत, चित्र बघत नसत. हाताला लागेल ते उचलायचे. ख्याल, वीणा, कन्नड भावगीतं, तमिळ सिनेमा, कुठल्या परदेशातली पितळी वाद्यं. घरी येऊन ते ऐकायचं, संपलं की खटका बंद करायचा, थोडं थांबायचं आणि मत सांगायचं. मत एकाच वाक्याचं असे.

एका वयस्क गायकाच्या ख्यालाबद्दल ते म्हणाले होते, "बुवा दार उघडायला लई वेळ लावतात, पण आत गेल्यावर कळतंय घर केवढं आहे ते." भावगीतांच्या एका कॅसेटची पहिली बाजू त्यांना निवांत वाटली होती, आणि दुसरी दिवे जायच्या आत उरकून घेतल्यासारखी. एका सिनेमाच्या गाण्यांविषयी, "पाच पिक्चरसाठी केलीत, एक स्वतःसाठी." पितळी वाद्यांचा तो परदेशी अल्बम त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "सगळे निरनिराळ्या गावांना निघालेत, बस मात्र एकच आहे." भजनांच्या एका सीडीत गायिकेच्या आवाजाला इतका घुमारा दिला होता की ते चिडले. "देवाला विहिरीत नेऊन बसवलंय." वीणेची एक कॅसेट होती, तिच्याबद्दल ते नेहमीपेक्षा हळू बोलले. "तारेवरून बोट घासताना बारीक सूं होतंय, तेवढ्यासाठी परत ऐकावं."

शिवलीला स्वयंपाकघरातून विचारायची, "आणि माझ्या आमटीला एक वाक्य सांगा की!"

"छान झालीय."

"बघ गं सुखदा. पावण्यांना सांगतात तेच मला सांगायलेत."

सुखदा हसायची, पण तिला आतून ठाऊक होतं की आई बरोबर बोलते आहे. 'छान' हे अण्णांचं मत नव्हतं. 'छान' ते सगळ्यांनाच म्हणत. शेजारणीच्या शेवयांना, वरच्या घरातल्या मुलीच्या नाचाला, लग्नातल्या मांडवाला. शाळेच्या स्नेहसंमेलनात सुखदा पहिल्यांदा स्टेजवर गायली, त्या दिवशी ते शिफ्ट बदलून घेऊन आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. घरी जाताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत चालत राहिली. बसस्टॉपजवळ त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "छान म्हटलंस." ती रात्री जेवली नाही. आईला वाटलं, दमली असेल.

पुढे गाणं शिकताना, कॉलेजात बक्षिसं मिळवताना तिला तेच ऐकायला मिळत गेलं. अण्णांचं प्रेम कमी नव्हतं. उलट ते इतकं होतं की त्यात वाक्याला जागाच नव्हती. वाक्य फक्त अल्बमना मिळे. म्हणून तिने अगदी लहानपणीच, कोणाला न सांगता, मनाशी ठरवून टाकलं की आपण कधीतरी सबंध अल्बम करायचा. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. तो खुर्चीतला माणूस तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेल, खटका बंद करेल, थोडं थांबेल, आणि काहीतरी म्हणेल.

ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, नोकरीला लागली तोवर शिवलीला गेली होती. आठवडाभर सुखदा तिकडेच मैत्रिणींबरोबर राही आणि शनिवारी आनेकलला येई. ऑफिसात तिला निहार भेटला. पुण्याचा, उंच, सतत कानात काहीतरी घातलेला. तो गिटार वाजवायचा आणि घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचा. तिच्या चाली, त्याची गिटार, ओळखीतला एक तबलजी, आणि दोन ठिकाणी तिनेच वाजवलेले टाळ, एवढ्या सामग्रीवर त्यांनी सात गाण्यांचा अल्बम उभा केला. त्या उन्हाळ्यात निहारच्या सोसायटीत पाण्याचे हाल होते, आणि बरीचशी गाणी टँकरची वाट बघताना झाली होती. म्हणून नाव ठेवलं 'टँकर येईपर्यंत'.

निहार मधे एकदा आनेकलला येऊन गेला होता. येताना त्याने गंमत म्हणून एका परदेशी बँडचा कर्कश अल्बम आणला, ज्यात ड्रम्स अंगावर धावून येतात तसला. अण्णांनी कान धुऊन तो सबंध ऐकला. निहार आणि सुखदा आत ओठ दाबून हसत होते.

"ड्रमवाला चांगला ऑपरेटर आहे," अण्णा शेवटी म्हणाले. "एवढ्या घाईत एकदाही प्रेस चुकीच्या वेळी पाडला न्हाई."

निहारचं हसू थांबलं. परतताना बसमधे तो सुखदाला म्हणाला, "यार, तो बँड दहा वर्षं ऐकतोय मी. मला हे सुचलं नाही कधी."

म्हणूनच सगळे आवाज कमीजास्त जुळवून अल्बमचं मिश्रण तयार झाल्यावर, जगाला ऐकवण्याआधी अण्णांना ऐकवायचं, हे दोघांनाही न बोलता मान्य होतं. अण्णा आता निवृत्त झाले होते. कानाला लागायला दिवसभरात काही नव्हतं, तरी संध्याकाळी ते मोरीत उभे राहिले, पंचाचं टोक फिरवलं, मान कलती केली. खुर्चीत बसले. सुखदाने स्पीकर लावला आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली, कारण तिला बसवत नव्हतं.

सातही गाणी झाली. अण्णा थांबले. नेहमीपेक्षा जास्तच.

"सांगा ना."

"सांगतो की," ते म्हणाले. मग अगदी जड आवाजात, "झाकण घातल्यागत वाटायलंय, सुखी. वरचं सगळं कुणीतरी फडक्यात बांधून ठेवलंय."

तिला रडू आलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की कुठलं आधी बाहेर पडेल ते कळेना. त्यांनी तिला 'छान' म्हटलं नव्हतं.

निहारला मात्र ते पटलं नाही. "हे already ब्राइट आहे, सुखदा. टाळ बघ ना, समोर येऊन बसलेत. अजून काय वर आणायचं?"

"अण्णांना ते ऐकू येत नाहीयेत म्हणजे काहीतरी चुकलंय."

"तुला येतायत का?"

 तिला येत होते, स्पष्ट येत होते. पण तिचे कान कालपरवाचे, आणि अण्णांचे चाळीस वर्षं रोज एक अल्बम सबंध ऐकलेले. निहारने तिच्याकडे बघितलं, त्याला तो ड्रमवाला ऑपरेटर आठवला असावा, आणि तो पुन्हा कामाला बसला. त्यांनी वरचे स्वर उचलले. टाळ उचलले, गिटारच्या तारांची टोकं उचलली, तिच्या आवाजातले श्वास उचलले. दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "स्वल्प अजून." तिसऱ्यांदा ऐकून ते मोकळे हसले. "आता सरी, बरोबर. आता उजाडलं."

अल्बम बाहेर आला. पहिल्या आठवड्यात ओळखीच्यांनी कौतुक केलं, नंतर अनोळखी लोकांनी खरं सांगितलं. चाली चांगल्या आहेत, पण कानाला टोचतं. कुणी लिहिलं, टाळ डोक्यात जातात. कुणी लिहिलं, दुसऱ्या गाण्याला हेडफोन काढून ठेवला. ऑफिसातली एक मुलगी चांगुलपणाने म्हणाली, "आवाज कमी करून ऐकलं की बरं वाटतं गं."

निहार चिडला नाही, आणि तेच सुखदाला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "आपण दोघांनी आपापले कान काढून बाजूला ठेवले. का ठेवले ते मला माहितीये, म्हणून तुझ्यावर ओरडता पण येत नाही."

त्या शनिवारी ती आनेकलला गेली तेव्हा अण्णा फ्रिजसमोर उभे राहून कोथिंबीर निवडत होते. फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं आणि तो बारीक आवाजात सारखा टींटीं करत होता. अण्णा त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. काड्या वेगळ्या करत होते, पानं वेगळी करत होते. फ्रिज ओरडत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अतिशय निवांत शांतता होती.

सुखदाने पिशवी खाली ठेवली. पुढे होऊन दार लावलं. आवाज थांबला. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही.

"आलीस?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतात गाण्यांना?"

"छान म्हणतात," सुखदा म्हणाली, आणि ते म्हणताना तिला स्वतःची चीड आली.

ती रात्रभर विचार करत राहिली. सांगितलं नाही तर काय बिघडणार होतं? अल्बम तर जायचा तो गेलाच होता. अण्णांनी उरलेले दिवस उजाडलेल्या गाण्यांच्या समाधानात काढले असते. पण मग त्यांच्याशी ती जन्मभर पावण्यांसारखं बोलली असती. सकाळी चहा झाल्यावर ती त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. फ्रिजचं सांगितलं, टाळांचं सांगितलं, लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं.

अण्णांनी बोट कानाच्या पाळीमागून एकदा फिरवलं.

"कधीपासून असंल?"

"माहीत नाही, अण्णा. हळूहळू होतं म्हणतात."

"शेडमधे कानात घालायला बुचं दिलेली," ते म्हणाले. "सगळ्यांना दिलेली. मीच काढून खिशात ठेवायचा."

"का?"

"खालचा साचा, डाय, फुटायच्या आधी प्रेसचा आवाज बदलतोय. एवढासा बदलतोय. बुचं घातली की तो कळंना. मग कुणाचं बोट जायचं." त्यांनी मान हलवली. "माझ्या मशीनवर एकाचंबी बोट गेलं न्हाई, सुखी."

 त्यात बढाई नव्हती, तक्रारही नव्हती.

कानाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक आलेख काढून दाखवला. डावीकडे बरी असलेली रेघ उजवीकडे एकदम उताराला लागली होती. कानांत यंत्रं बसवली. त्यांमुळे माणसं ऐकू यायला लागली, दूधवाला ऐकू यायला लागला, पण गाणी पत्र्याची होऊन गेली. अण्णांनी वीणेची ती जुनी कॅसेट लावली, यंत्र घालून ऐकली, काढून ऐकली, आणि बंद केली.

"ही झिजली म्हणून मी चिकपेटात त्या कॅसेटवाल्याशी भांडलो," ते म्हणाले. "दुसरी घेतली. तीबी झिजलीय म्हणून परत केली. तो बिचारा म्हणायलाय, सार, नवी आहे, नवी आहे. मी त्याला खोटारडा म्हटलं."

त्या दिवसापासून त्यांना एक वेगळीच टोचणी लागली. गेल्या काही वर्षांत आपण ज्यांना नावं ठेवली ते सगळे अल्बम त्यांना आठवायला लागले. सतारीची एक सीडी होती, तिला ते मेलेली म्हणाले होते. एका तरुण बासरीवाल्याच्या वादनात फुंकच नाही म्हणाले होते. एका कन्नड गायिकेबद्दल, "शब्दांची टोकं खाते," असं. सुखदा फोन करायची तर मधेच म्हणायचे, "त्या बासरीवाल्याचं मी बोललेलं सोडून दे हं. त्यात फुंक असणार. लोकांनी उगाच घेतली नसेल ती सीडी." कुठल्याही बासरीवाल्याला त्यांचं मत कधी कळलेलं नव्हतं, कळणार नव्हतं. पण त्यांना त्यामुळे काही फरक पडत नव्हता. मत दिलं होतं आणि ते चुकीचं होतं.

मग त्यांनी अल्बम लावणं बंद केलं. कान धुणंही. खुर्चीवर वाळलेले कपडे साठायला लागले. सुखदा म्हणाली, "ऐका हो, जेवढं येतं तेवढं." ते म्हणाले, "अर्धं ऐकून पूर्ण बोलायची सवय मोडायची म्हणतोय." ती आपल्या नव्या चालींबद्दल सांगायची, ते लक्ष देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "छान."

हा शब्द तिने इतक्या वर्षांत कधी इतका ओझ्यासारखा ऐकला नव्हता. तिचं एकमेव वाक्य त्यांनी परत घेतलं होतं आणि आता दुसरं कधीच मिळणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं. ती रागावलीही, मनात. एका सकाळी खरं सांगून आपण त्यांच्याकडून काय काढून घेतलं, याचा हिशोब तिला लागत नव्हता.

अण्णा गेले ते पावसाळा सरताना, एका रविवारी सकाळी, अंगणात पेपर वाचता वाचता. समोरच्या बाईंना वाटलं, त्यांचा डोळा लागलाय. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. सुखदा घरातच होती, आदल्या दुपारी आलेली, आणि त्या शनिवारी संध्याकाळी जे घडलं ते ती पुढे कुणाला सांगताना फार जपून, काही न वाढवता सांगे.

ती आली तेव्हा खुर्चीवरचे कपडे घड्या करून कपाटात गेले होते. अण्णांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "ते आधीचं आहे का गं? मी बोलायच्या आधीचं?"

"पहिलं मिश्रण? आहे की. निहारने ठेवलंय सगळं."

"लाव."

"अण्णा, त्यातलं वरचं तुम्हाला..."

"लाव तर."

तिने लावलं. यंत्रं त्यांनी काढून टेबलावर ठेवली होती. ती या खेपेला दाराशी उभी राहिली नाही, त्यांच्या शेजारी बुटकं स्टूल ओढून बसली. पहिल्या गाण्यात टाळ सुरू झाले तेव्हा तिने सवयीने त्यांच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "आता टाळ आहेत," ती जवळ जाऊन म्हणाली. "अगदी हळू. कडव्याच्या मागे."

अण्णांनी तिचं बोट अलगद बाजूला केलं.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "तू ठेवलेत न्हवं? मग आहेत."

तिने हात मांडीवर घेतला. गाणी एकामागून एक होत गेली. बाहेर कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. अण्णांनी डोळे मिटले होते, आणि त्यांच्या मानेची हालचाल तालाबरोबर कधी जुळत होती, कधी नुसतीच होत होती. जे त्यांना येत होतं ते ते ऐकत होते, आणि जे येत नव्हतं त्याला त्यांनी तिच्या भरवशावर जागा सोडली होती. सुखदाला पहिल्यांदाच आपली गाणी ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं नाही. ती नुसती ऐकत राहिली. तिला टाळ ऐकू येत होते. ते बरोबर जागी होते.

सातवं गाणं संपलं. खटका बंद झाला. अण्णा थांबले.

"तिसरं गाणं लांबलंय," ते म्हणाले. "एक कडवं कमी पाहिजे होतं."

सुखदाला वाद घालायचा होता. त्या कडव्यासाठी तिने आणि निहारने आठ दिवस घातले होते. ती म्हणाली, "नाही हं, अण्णा, ते कडवं काढलं तर चौथ्या गाण्याला अर्थच राहत नाही."

"मग चौथंबी बघावं लागंल."

"बघणार नाही!"

ते हसले, मोठ्याने, बऱ्याच महिन्यांनी. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, स्पीकरची वायर गुंडाळून तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाले, "भात तू लावतीस का मी लावू?"